जुन्या फ्रीजला बिअरचे नळ बसवले: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

घरी बिअर बनवणाऱ्याला बाटल्या धुण्याचा आणि बुचं लावण्याचा एक दिवस कंटाळा येतोच. आम्हालाही आला. किचनमध्ये नवा फ्रीज आल्यावर वर फ्रीझर असलेला जुना फ्रीज आमच्या न्यू जर्सीच्या घराच्या बेसमेंटमध्ये गेला आणि गेल्या उन्हाळ्यात त्याच्या दाराला दोन नळ लागले. तेव्हापासून तो सतत वापरात आहे. मी या सेटअपवर बेहद्द खूश आहे. मात्र असं काही करायचं असेल तर नळ चकचकीत घेण्याआधी पैसे गॅसच्या, म्हणजे बिअर नळापर्यंत ढकलणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या बाजूला घाला.

आधी भोकाचं. भोक दारालाच पाडायचं. बऱ्याच फ्रीजच्या बाजूच्या पत्र्याखाली गरम गॅसच्या नळ्या फिरवलेल्या असतात. ड्रिल तिथे घुसलं की फ्रीज भंगारात. नव्या मॉडेलांत थंडावा देणारा गॅस म्हणून आर-६००ए, म्हणजे पेट घेणारा आयसोब्युटेन असतो, म्हणून आतलं स्टिकर वाचल्याशिवाय ड्रिल हातात घेऊ नका. आमच्यात पेट न घेणारा आर-१३४ए आहे. बर्फ-पाण्याची सोय असलेल्या दारात वायरी आणि पाण्याची नळी असते, तेव्हा साधं दार सगळ्यात बरं. मी ७/८ इंची होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) वापरला. आधी पत्रा, मग पिवळट फोम आणि शेवटी आतलं पातळ प्लास्टिक. तिथे वेग कमी करून मागून लाकडाची फळी दाबून धरली की तडा जात नाही.

भरलेला ५ गॅलनचा केग, म्हणजे बिअरची धातूची टाकी, वीस किलोच्या वर जातो. काचेच्या शेल्फवर तो ठेवायचा विचारही नको. शेल्फ काढून तळाला जाड प्लायवूड टाकलं. मागे कॉम्प्रेसरमुळे जो उंचवटा येतो त्यावर ५ पौंडांचा गॅस सिलिंडर साखळीने बांधून उभा आहे.

आता गॅस. कार्बन डायऑक्साइडला वास नाही, तो हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. ५ पौंडांचा सिलिंडर पूर्ण सुटला तर साधारण १२०० लिटर वायू होतो. दहा बाय दहा फुटांच्या बंद खोलीत हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास जातं, आणि अमेरिकेत ४ टक्के ही जिवाला तातडीचा धोका असल्याची पातळी धरतात. इथे घरोघरी जो अलार्म असतो तो कार्बन मोनॉक्साइडचा. या वायूवर तो वाजत नाही! कार्बन डायऑक्साइडचा वेगळा मीटर घ्या आणि तो छताजवळ न लावता खाली लावा. आमचा गुडघ्याच्या उंचीवर आहे.

गळती शोधायला साबणाचं पाणी पुरतं. हिवाळ्यात एका केगच्या गॅस पोस्टवर (गॅसची नळी जोडायच्या तोंडावर) बारीक बुडबुडे दिसले. तिथली रबरी ओ-रिंग कडक झाली होती, ती बदलली आणि थांबलं. किती गॅस उरला हे बघायला रेग्युलेटरच्या (सिलिंडरवरच्या दाब-नियंत्रकाच्या) काट्यावर मात्र विसंबू नका: आत द्रव गॅस शिल्लक असेपर्यंत तो जवळपास जागचा हलत नाही. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवा आणि मानेवर कोरलेलं रिकामं वजन वजा करा. तिथेच चाचणीची तारीखही कोरलेली असते. पाच वर्षं उलटली असतील तर दुकानदार भरून देत नाही, आणि ते योग्यच आहे.

चवीला आणि फेसाला आमचं गणित बसलंय: ३८ अंश फॅरनहाइट, १२ पीएसआय दाब, ३/१६ इंची आणि १० फूट लांब नळी. नळी आखूड केली की ग्लासात नुसता फेस. ऑगस्टमध्ये पहिला ग्लास तरीही फेसाळतो, कारण नळ दाराबाहेर असतो. दर दोन आठवड्यांनी नळ्या धुतो. चालढकल केली तर बिअरला आंबूस, लोण्यासारखा वास येतो.

घरात मुलं असतील तर हे नीट वाचा. शेल्फ काढलेल्या फ्रीजमध्ये मूल सहज मावतं. दार आतून उघडता आलंच पाहिजे असा कायदा अमेरिकेत १९५६ मध्ये झाला, तो अशा जीवघेण्या प्रसंगांमुळेच. त्या काळातला, बाहेरून खिटी लागणारा फ्रीज या कामाला घेऊच नका. आमच्याकडे दाराला कडी-कुलूप आहे, नळांना वेगळं कुलूप आहे, आणि केग बदलताना दार उघडं टाकून कोणी वर जात नाही. प्लग जीएफसीआय (वीज गळती होताच प्रवाह तोडणाऱ्या) सॉकेटमध्येच लावलाय, कारण तळाशी ओल राहते.

वीज नव्या फ्रीजपेक्षा जास्त जाते, ते मान्य करूनच चालायचं. दाराचं रबर बदलल्यावर मोटर थोडी कमी वेळ चालते. पुढच्या केगआधी बिअरच्या दोन्ही नळ्या नव्या टाकणार आहे.