स्लाइडचा संच: रक्ताचा भाग भरघोस, गाठींचा तोकडा

पेशींच्या रूपावरून रक्तविकार आणि गाठी ओळखायला शिकणाऱ्यांसाठी बनवलेला रंगवलेल्या स्लाइडचा हा संच मी बारकाईने पाहिला. रक्ताचा भाग निःसंकोच घ्यावा असा आहे. गाठींच्या भागाविषयी तसे म्हणवत नाही.

रक्ताच्या फिल्म (काचेवर पसरलेले रक्ताचे थर) पातळ व एकसारख्या ओढलेल्या आहेत आणि रक्तपेशी रंगवण्याचा लीशमन रंगही नीट चढला आहे: लाल पेशींवर निळी झाक नाही, इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींतले कण स्वच्छ नारिंगी दिसतात. मेगालोब्लास्टिक ॲनिमियाच्या (बहुधा बी१२ किंवा फोलेटच्या अभावाने होणाऱ्या रक्तक्षयाच्या) स्लाइडमध्ये सहा खंडांच्या केंद्रकाचे न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) आणि मोठ्या, लंबगोल लाल पेशी एकाच क्षेत्रात सापडतात. खरे कौतुक मात्र ॲक्यूट प्रोमायलोसाइटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या दोन स्लाइडच्या जोडीचे. पहिल्या स्लाइडमध्ये आउअर रॉडच्या (पेशीतल्या काडीसारख्या कणांच्या) मोळ्या भरलेल्या पेशी आहेत, ज्या एकदा पाहिल्या की विसरत नाहीत. दुसरीत कण जवळजवळ दिसतच नाहीत, केंद्रक दुभंगलेले असते आणि पेशी मोनोसाइटच्या (दुसऱ्या एका पांढऱ्या पेशीच्या) कुळातली वाटते. या आजारात रक्तस्राव जिवावर बेततो आणि जनुकीय तपासणीची वाट न पाहता, नुसत्या संशयावरही उपचार सुरू करावे लागतात. म्हणून हा फसवा प्रकार शिकवणे फार मोलाचे आहे. क्रॉनिक लिम्फोसाइटिक ल्युकेमियातील (रक्ताच्या सावकाश वाढणाऱ्या कर्करोगातील) फुटलेल्या, पुसट पेशी फिल्म ओढताना तुटतात आणि रक्तात थोडे अल्ब्युमिन मिसळल्यास कमी होतात, हेही सोबतच्या पुस्तिकेत सांगितले आहे.

गाठींच्या भागात नेमका फसवे प्रकार समजावण्याचा हा विचार हरवतो. हॉजकिन लिम्फोमा या लसिका ग्रंथींच्या कर्करोगाच्या छेदात (ऊतीच्या पातळ कापात) त्याची खूण मानल्या जाणाऱ्या रीड-स्टर्नबर्ग पेशी अगदी ठसठशीत आहेत, दोन केंद्रके आणि त्यांत घुबडाच्या डोळ्यांसारखी ठळक केंद्रिका. पण तशाच पेशी इन्फेक्शियस मोनोन्यूक्लिओसिस या विषाणूजन्य आजारातही दिसू शकतात, त्यामुळे भोवतालचे लिम्फोसाइट, इओसिनोफिल व प्लाझ्मा पेशी आणि सीडी३०, सीडी१५ या पेशींवरील खुणेच्या प्रथिनांच्या चाचण्या पाहिल्याशिवाय निदान पक्के होत नाही, याचा पुस्तिकेत उल्लेखही नाही. थायरॉइडच्या पॅपिलरी कर्करोगाचा फक्त पॅराफिन छेद (मेणात बसवून कापलेला ऊतीचा तुकडा) दिला आहे. त्यातील रिकामी भासणारी केंद्रके मुख्यतः फॉर्मेलिन आणि पॅराफिनच्या प्रक्रियेमुळे तशी दिसतात. सुईने काढलेल्या पेशींच्या फिल्ममध्ये केंद्रकावरच्या खाचा आणि केंद्रकात शिरलेला पेशीद्रव्याचा गोळा शोधावा लागतो. निदानाची सुरुवात बहुधा सुईच्या तपासणीनेच होत असताना तिची एकही स्लाइड नसावी, ही उणीव मोठी आहे.

प्रत्येक लेबलवर आजाराचे नाव ठळक छापले आहे, त्यामुळे स्वतःची परीक्षा घेताना ते कागदाने झाकावे लागते. काही छेदांवरील काचेखाली हवेचे बुडबुडेही राहिले आहेत. विक्रेता दोन्ही भाग सुटे देत असेल, तर सध्या रक्ताचाच घ्यावा आणि गाठींसाठी सुईच्या फिल्म असलेला दुसरा संच पाहावा.