फॅरागट घ्यावा की सेम्स?

अमेरिकन यादवीतल्या (१८६१-६५) आरमारी अधिकाऱ्याचं आयुष्य समजून घ्यायचंय आणि वेळ एकाच माणसापुरता आहे, तर दोन नावं पुढे येतात. उत्तरेकडून, म्हणजे अमेरिकन सरकारच्या बाजूने लढलेला डेव्हिड फॅरागट आणि दक्षिणेकडून, म्हणजे फुटून निघालेल्या राज्यांच्या बाजूने लढलेला राफाएल सेम्स. दोघं एकाच नौदलात वाढलेले. फॅरागट तर वयाच्या नवव्या वर्षीच मिडशिपमन, म्हणजे शिकाऊ अधिकारी झाला होता.

गंमत अशी की मुळं बघायला गेलं तर दक्षिणेचा पक्का माणूस फॅरागटच. जन्म टेनेसीचा, घर व्हर्जिनियातल्या नॉरफोकला, बायकोही तिथलीच. सेम्सचा जन्म मेरीलँडचा आणि ते राज्य फुटलंच नाही. पण तो अलाबामात स्थायिक झाला होता. फेब्रुवारी १८६१ मध्ये त्याने राजीनामा दिला आणि विषय संपवला.

फॅरागटचं तसं झालं नाही. एप्रिलमध्ये व्हर्जिनियाने फुटायचा ठराव केला, तेव्हा तो गावातल्या नेहमीच्या दुकानात बसला होता. लिंकनने फौज उभारायचं ठरवलं ते बरोबरच आहे, असं तो बोलून गेला. मग इथे राहता येणार नाही, असं त्याला सुनावण्यात आलं. ठीक आहे, दुसरीकडे राहू, म्हणत तो घरी गेला आणि बायकोमुलाला घेऊन त्याने उत्तरेची वाट धरली. तिथे तरी सुख? न्यूयॉर्कजवळच्या गावात तो डोंगरात फिरायला जायचा, तर हा दक्षिणेवाला शहराच्या पाण्याचा कालवा उडवायला आलाय, अशी कुजबुज सुरू झाली. नौदलानेही त्याला आधी कागदी कामावर बसवलं. मोठा ताफा हातात आला तो थेट १८६२ च्या जानेवारीत. एप्रिलमध्ये त्याने दक्षिणेचं न्यू ऑर्लिन्स बंदर घेतलं.

पुढचं त्याचं आयुष्य म्हणजे मुख्यतः दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी. बंदराबाहेर महिनोन्‌महिने उभं राहायचं, कोळसा पुरवायचा, आजारी खलाशी मोजायचे. वाचायला रटाळ वाटेल. (याच नाकेबंदीमुळे दक्षिणेचा कापूस अडला आणि इकडे मुंबईच्या कापूसवाल्यांची चांदी झाली. बॅकबेच्या भरावाचे शेअर आणि १८६५ मध्ये निघालेलं दिवाळं त्याच गोष्टीतलं.) पण ५ ऑगस्ट १८६४ चा मोबाइल उपसागर, म्हणजे फोन नव्हे, अलाबामातलं बंदर, रटाळ नाही. धुरात काही दिसेना म्हणून ६३ वर्षांचा हा गृहस्थ डोलकाठीच्या दोरखंडांवर चढला. पडेल या भीतीने कप्तानाने माणूस पाठवून त्याला तिथे दोरीने बांधून टाकलं. डोळ्यांदेखत त्याच्याच ताफ्यातली ‘टेकमसे’ नौका पाणसुरुंगावर आदळून नव्वदच्या वर माणसांसह बुडाली, तरी त्याने ताफा पुढे घातला.

सेम्सचं आयुष्य नेमकं उलटं. त्याचं ‘अलाबामा’ जहाज इंग्लंडमध्ये बांधलेलं, खलाशी बहुतेक ब्रिटिश, आणि ज्या देशासाठी लढायचं त्याच्या एकाही बंदरात ते कधी लागलं नाही. नाकेबंदीमुळे पकडलेली जहाजं घरी नेता येत नव्हती, म्हणून बहुतेक जाळायची. पद्धत ठरलेली. परका झेंडा लावून जवळ जायचं, ऐन वेळी स्वतःचा चढवायचा, समोरच्या कप्तानाला केबिनमध्ये बोलावून त्याचे कागद तपासायचे. सेम्स वकील होता, त्यामुळे न्यायाधीशही तोच. लुटीतली घड्याळं, म्हणजे क्रोनोमीटर, तो जपून ठेवायचा. सुमारे ६५ जहाजं त्याने पकडली. जानेवारी १८६४ मध्ये तर तो मलबार किनाऱ्यापर्यंत आला. तिथे ‘एमा जेन’ जाळलं आणि तिचे लोक केरळातल्या अंजुतेंगला उतरवले.

जूनमध्ये फ्रान्सच्या शेरबुर्ग बंदरासमोर उत्तरेच्या ‘कियरसार्ज’ या युद्धनौकेने अलाबामा बुडवलं. समोरचा कप्तान विन्स्लो हा मेक्सिकोच्या युद्धात सेम्सचा केबिन-सोबती! एका इंग्रज यॉटने सेम्सला वाचवलं. पुढे दक्षिणेची राजधानी रिचमंड पडली तेव्हा त्याने स्वतःच्याच नौका जाळल्या आणि उरलेल्या खलाशांना घेऊन तो पायदळात गेला.

आता निवड. जहाजावरचे रोजचे दिवस हवे असतील तर सेम्सला तोड नाही. त्याने स्वतः भरभरून लिहिलंय. पण १८६९ चं त्याचं आत्मकथन म्हणजे कोर्टातला युक्तिवाद समजून वाचा. उत्तरेतले लोक त्याला समुद्री चाचा म्हणत होते आणि तो पानापानावर त्याचा खुलासा देत बसतो. दक्षिण गुलामगिरीसाठी लढत होती, हे मात्र तो शक्यतो आडबाजूला ठेवतो. त्यामुळे महिनाभर वेळ असेल आणि खोडून काढत वाचायची सवय असेल तरच त्याच्याकडे जा.

फॅरागटचा ऐवज कमी चटपटीत. घरची पत्रं, हुकूम, अहवाल, बरंचसं मुलाने मागाहून छापलेलं. तरी माझं मत त्यालाच. समुद्रावरची लूटमार कुठल्याही युद्धात सापडेल, पण शेजाऱ्यांनी गावाबाहेर काढणं आणि नव्या शेजाऱ्यांनी संशय घेणं हे यादवीतच घडतं. तासाभराचं व्याख्यान द्यायचं असेल तर डोळे मिटून फॅरागट घ्या. फक्त सुरुवात डोलकाठीपासून नको, नॉरफोकच्या त्या दुकानापासून करा.