नागपूरच्या धरमपेठेतल्या कॅफेची वरची खोली: बावीस जण, पाचवा एपिसोड आणि एक मिक्सर

आधीच सांगून ठेवतो, खाली 'एलियन: अर्थ' या सिरीजच्या पाचव्या एपिसोडचे भरपूर स्पॉयलर आहेत. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी फक्त खाण्याचं वाचा आणि निघा, नंतर मला शिव्या देऊ नका.

तर झालं असं की एपिसोड आला 2025 च्या 3 सप्टेंबरला, बुधवारी, जिओहॉटस्टारवर, पण तेव्हा घरोघरी गणपती, ढोलपथकातली पोरं रात्री एक-एक वाजता घरी येऊन राहिली, कोणालाच वेळ नाही, म्हणून ग्रुपवर ठरलं की शनिवारी विसर्जन होऊ द्या, रविवारी 7 तारखेला सगळे सोबत पाहू आणि तोवर जो कोणी एक शब्द बोलेल त्याला ग्रुपमधून उडवू. दोघांना उडवलं. त्यातला एक ॲडमिन होता.

जागा म्हणजे धरमपेठेतल्या एका कॅफेची वरची खोली. नाव नाही सांगत, काहून ते पुढं कळेल. माणशी 350 रुपये, त्यात 200 चं खाणं, प्रोजेक्टर अन् साउंड त्यांचा, लॉगिन आपलं. भाव ठीक आहे, बावीस जण झालो तर एक्स्ट्रा दोन खुर्च्यांचे पैसे नाही लावले, हे मानलं पाहिजे. एसी पण जबरदस्त. मागच्या बीनबॅगवर मात्र चुकूनही बसू नका, माणूस इतका खाली जातो की समोरच्याच्या डोक्यामुळे सबटायटल दिसतच नाही, मला अर्धा एपिसोड 'वेलँड-यु' एवढंच दिसत होतं (वेलँड-युतानी, म्हणजे सिरीजमधल्या जहाजाची मालक कंपनी).

आता मेन प्रॉब्लेम. या एपिसोडचं नाव आहे 'इन स्पेस, नो वन...', म्हणजे 1979 च्या मूळ 'एलियन' पिक्चरच्या पोस्टरवरची ती फेमस ओळ, अंतराळात तुमची किंकाळी कोणालाच ऐकू येत नाही वाली. तर अंतराळात नसेल येत, पण या खोलीत खालच्या काउंटरवरचा मिल्कशेकचा मिक्सर शब्दशः सगळ्यांना ऐकू येतो. जिन्याच्या अगदी खालीच ठेवलाय. एक तासाभराच्या एपिसोडमध्ये मी सात वेळा मोजला. आणि टायमिंग तरी काय, जहाजाचा सुरक्षा अधिकारी मॉरो त्याच जहाजावरच्या अधिकारी झवेरीच्या तोंडावर दार बंद करतो, ती पलीकडून विनवण्या करतेय, मागून ते एलियन येतंय, खोलीत सगळे श्वास धरून, आणि खालून घर्रर्रर्र. कोणाचा तरी चॉकलेट शेक. दोनदा खाली जाऊन सांगितलं तर काउंटरवरचा पोरगा म्हणतो, "भैया, रविवार है, ऑर्डर तो आएगीच ना." बरोबर आहे त्याचं, पण मग खोली साउंडप्रूफ आहे म्हणून सांगता कायले बे!

जिन्याचा लाईट पण बंद होत नाही, पडद्याच्या फटीतून सरळ स्क्रीनवर पट्टा येतो. अख्खा एपिसोड अंधाऱ्या जहाजात आहे राजेहो, तिथं काळं म्हणजे काळंच दिसायला पाहिजे, आम्हाला राखाडी दिसलं.

एपिसोड मात्र एक नंबर, आतापर्यंतच्या पाचातला सगळ्यात भारी. पहिल्या एपिसोडमध्ये जे मॅजिनो जहाज पृथ्वीवर येऊन आदळतं ना, त्याच्या आधीचे सतरा दिवस. म्हणजे शेवट काय होणार हे आपल्याला माहीत आहे, तरी घाम फुटतो. लिहिला अन् डायरेक्ट केला दोन्ही नोआ हॉलीनंच, आणि जहाज आतून हुबेहूब जुन्या पिक्चरमधल्या नॉस्ट्रोमो जहाजासारखं. आमच्यातले एक काका, ज्यांनी तो पिक्चर व्हीसीआर भाड्यानं आणून पाहिला होता, ते जेवणाच्या टेबलाचा सीन आला तसे उठून उभेच राहिले. मागचे ओरडले तेव्हा बसले.

आणि ती पाण्याची बाटली! ती सायंटिस्ट बाई लॅबमध्येच डबा खात बसलीये, बाजूला बरणीत ते रक्त पिणारे गोचीड, आणि एक गोचीड झाकण ढकलून बाहेर येतो, हिच्या बाटलीत पिल्लं सोडतो आणि साळसूदासारखा परत बरणीत. बरणी नीट लागलीये की नाही हे बघायची अक्कल नाही. तो डोळा, मागच्या एपिसोडमध्ये मेंढीत घुसला होता तो, काचेवर आपटून आपटून सांगतोय आणि हिला कळेना. अख्खी खोली बोंबलून राहिली, "अबे झाकण लाव ना बे, झाकण!" आणि नेमकं तेव्हाच, शपथ घेऊन सांगतो, वेटर आला आणि आमच्या टेबलावर पाण्याचा जग ठेवून गेला. उघडा. झाकण नाही, जाळी नाही, वर एक माशी तरंगून राहिली. बाजूच्या ताईनं जगाकडं पाहिलं, मग स्क्रीनकडं, मग जग उचलून सरळ दाराबाहेर ठेवला. त्यानंतर त्या रात्री कोणी कॅफेचं पाणी प्यायलं नाही, सगळ्यांनी 20 ची सीलबंद बाटली घेतली. धंद्याची आयडिया असेल तर मानलं बाबा.

झवेरी नाव स्क्रीनवर आलं तसा "गुजराती आहे का" वरून पाच मिनिटं गोंधळ. रिचा मूरजानी आहे ती, काम मस्त केलंय. एक पोरगी फक्त आदर्श गौरवसाठी आली होती, त्याचं स्लाइटली नावाचं पात्र या एपिसोडमध्ये नाहीच, तर तिचा मूड गेला. पण मॉरोच्या पोरीचं कळलं, 65 वर्षांच्या मोहिमेवर बाप गेला आणि पोरगी एकोणिसाव्या वर्षी आगीत गेली, तेव्हा मिक्सरसुद्धा बंद होता. माझ्या शेजारी बसलेला दोस्त मर्चंट नेव्हीत आहे, महिनोन्‌महिने बाहेर असतो. तो काही बोलला नाही, मोबाईल उलटा करून मांडीवर ठेवला फक्त. चार एपिसोड आम्ही मॉरोला व्हिलन म्हणून शिव्या घातल्या. आता काय म्हणायचं?

संपल्यावर खरा कल्ला. जहाज पाडायचा प्लॅन बॉय कॅव्हेलियरचाच, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या त्या मालक पोराचाच होता हे अर्ध्यांना "माहीतच होतं" (खोटं बोलतात, कोणाला माहीत नव्हतं). मग काकांनी जुना मुद्दा काढला की ही गोष्ट 2120 ची, पहिला पिक्चर 2122 चा, मग कंपनीला दोन वर्षं आधीच सगळं माहीत असेल तर पिक्चरची मजाच काय राहिली. त्यावर ॲडमिन, जो नुकताच परत ॲड झाला होता, म्हणाला, "काका, पिक्चरमध्येपण कंपनी मुद्दामच पाठवते ना, माणसं मेली तरी चालतील म्हणून ऑर्डर होती." काका दोन मिनिटं गप्प. मग म्हणे, "ते वेगळं." मला तर काकांचंच थोडं पटलं. माहीत असणं वेगळं आणि नमुने बरण्यांत भरून आणणं वेगळं.

खाण्याचं सांगायचं तर 'एलियन अंडं' म्हणून नर्गिसी कोफ्ता हिरव्या चटणीत बुडवून देतात, दिसायला घाण, चवीला अफाट, मी दोन खाल्ले. सावजी चिकन पिझ्झा मागवू नका, सावजीचा फक्त रंग आहे. त्या रात्री चंद्रग्रहण होतं, त्यामुळं चार-पाच जण दुपारपासून वेध पाळून होते, तोंडात काही घेतलं नाही, आणि त्यांचे 200 रुपयांचे कूपन कॅफेनं पुढच्या वेळेला चालतील म्हणून लिहून दिले. हे फार आवडलं. लोकमान्य नगरवाले शेवटची मेट्रो गाठायला पळाले, बाकी आम्ही खाली फुटपाथवर उभं राहून भांडत होतो.

पाचपैकी साडेतीन. मिक्सर किचनमध्ये हलवला तर चार देतो, तसं मालकाला सांगितलंय, तो हसून हो म्हणाला. शेवटच्या एपिसोडसाठी 24 तारखेची खोली बुक केलीये, नवरात्र आहे, गरब्यावाले उशिरा येणार. पाण्याची बाटली ज्यानं त्यानं घरून आणायची, फिरकीच्या झाकणाची.