फेबायो: खुब्याच्या डिस्प्लेशियातला ताण मोजायला कितपत कामाचं?

अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात तयार झालेलं फेबायो हे मोफत, ओपन सोर्स फायनाइट एलिमेंट सॉफ्टवेअर (आकाराचे छोटे तुकडे पाडून प्रत्येकातला ताण काढणारं) जैवयांत्रिकीसाठीच, म्हणजे शरीरातल्या बलांच्या हिशेबासाठीच बांधलेलं आहे. कूर्चेवर (हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत अस्तरावर) कूर्चा घसरते तेव्हाचा संपर्क सोडवणं हे त्याचं खरं बळ. डिस्प्लेशियात नेमकं तेच लागतं: खुब्याची वाटी उथळ (एक्स-रेवर बाहेरचा सेंटर-एज कोन, म्हणजे वाटी गोलाला किती झाकते त्याचं माप, २० अंशांखाली), मांडीच्या हाडाचा गोल वर-बाहेर सरकू पाहतो आणि भार वाटीच्या कडेवर, लॅब्रमवर (कडेभोवतीच्या लवचिक कडीवर) जातो.

भूमिती मात्र बाहेरून आणावी लागते, आणि निम्मं काम तिथेच आहे. साध्या सीटीत हाड दिसतं, कूर्चा नाही. सांध्यात कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये उठून दिसणारं द्रव्य) सोडून, पाय ओढून धरून काढलेल्या सीटीत गोलाच्या आणि वाटीच्या कूर्चेचे दोन्ही थर वेगळे दिसतात. ते थ्रीडी स्लायसर या स्कॅनमधले भाग आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये आखून घ्यावेत. त्याऐवजी गोल म्हणजे अचूक चेंडू धरला, तर दाबाचा नकाशा देखणा येतो, पण कमाल दाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो.

कूर्चेला आठ नोडचे (कोपऱ्यांचे) हेक्स एलिमेंट, म्हणजे विटेसारखे तुकडे द्या, जाडीत निदान तीन थर. आपोआप मेश (तुकड्यांची जाळी) करून मिळणारे चार नोडचे टेट, म्हणजे चौफलकी तुकडे, इथे नकोत. कूर्चा जवळजवळ दाबली न जाणारी असल्याने ते लॉक होतात आणि सांधा उगाच ताठ वागतो. मटेरियल म्हणून मूनी-रिव्हलिन (रबरासारख्या पदार्थाचं गणिती सूत्र) पुरतं: ताठपणाचे आकडे सी१ ६.८, सी२ शून्य, दाबाला विरोध दाखवणारा के १३५९, सगळं मेगापास्कलमध्ये. मग लांबी मिलिमीटरमध्ये आणि बल न्यूटनमध्येच हवं. हाड रिजिड (अजिबात न वाकणारं) धरलं की वेळ खूप वाचतो, पण दाब आणि संपर्काचं क्षेत्र बरंच बदलू शकतं.

गणित अडतं ते बहुधा पहिल्याच पायरीवर. गोल आणि वाटी अजून टेकलेली नसताना थेट बल लावलं, तर मांडीच्या हाडाला धरून ठेवणारं काहीच नसतं आणि सॉल्व्हर हात टेकतो. म्हणून आधी विस्थापन देऊन किंचित टेकवा, दुसऱ्या पायरीत बल द्या. सपाटीवर चालताना ते वजनाच्या सुमारे २३८ टक्के, म्हणजे ७०० न्यूटन वजनाला १६६६ न्यूटन. फिरणं बांधा, पण आडवं सरकणं मोकळं ठेवा. ते बांधलं तर गोल आपली जागा शोधत नाही, म्हणजे आजारच मॉडेलमधून गायब!

संपर्क ‘स्लायडिंग इलॅस्टिक’ घ्या, ऑटो पेनल्टी (थर एकमेकांत घुसू नयेत म्हणून लावलेला कृत्रिम विरोध) चालू. पेनल्टी कमी पडली तर थर एकमेकांत घुसतात, फार वाढवली तर पुनरावृत्त्या संपत नाहीत. ‘निगेटिव्ह जेकोबियन’ (एखादा एलिमेंट उलटा-पालटा झाल्याची चूक) आला की टाइम स्टेपच्या मागे लागण्याआधी वाटीच्या कडेचे पातळ एलिमेंट बघा. दोष बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

आउटपुटमध्ये ‘कॉन्टॅक्ट प्रेशर’ आधीच निवडा, नाहीतर सगळं पुन्हा चालवावं लागतं. ही सोय सुधारायलाच हवी.

बऱ्याच रुग्णांचा नुसता दाबाचा अंदाज हवा असेल, तर मिनिटांत उत्तर देणारी डिस्क्रीट एलिमेंट पद्धत (कूर्चेच्या जागी स्प्रिंग धरणारी सोपी रीत) बरी. पण तिच्यात लॅब्रम सहसा धरत नाहीत. युटातल्याच मॉडेलमध्ये निरोगी खुब्यात लॅब्रमवर १ ते २ टक्के भार आला, डिस्प्लेशियात ४ ते ११ टक्के. हा हिशेब हवा असेल तर फेबायोवरची मेहनत वसूल होते.