डीसी की डीसीसी? आधी कपाटातली इंजिनं मोजा

माझं मत आधीच सांगून टाकतो. मॉडेल रेल्वेच्या गाड्या चालवायच्या दोन पद्धती: साध्या डायरेक्ट करंटची डीसी आणि डिजिटल कमांड कंट्रोल म्हणजे डीसीसी. नव्याने सुरू करत असाल तर थेट डीसीसी घ्या. कपाटात पंधरा-वीस जुनी इंजिनं असतील तर मात्र जरा थांबा.

डीसीत सगळा खेळ रुळावरच्या व्होल्टेजचा. नॉब फिरवला की शून्यापासून १२ व्होल्टपर्यंत चढत जातं, ध्रुव उलटे केले की गाडी उलटी. समजायला सोपं, बिघाड शोधायला त्याहून सोपं. कटकट सुरू होते दुसऱ्या इंजिनापासून. एका रुळावर दोन ठेवली की दोन्ही एकदम सुटतात. मग लेआउटचे (मांडलेल्या रुळांचे) वेगवेगळे ब्लॉक पाडा, प्रत्येकाला स्विच लावा. शेवटी गाडी कमी आणि स्विचच जास्त चालवले जातात.

डीसीसीत रुळावर कायम पूर्ण व्होल्टेज असतं, एचओ मापाच्या गाड्यांसाठी साधारण १४ ते १६. त्याच विजेतून आदेश जातात आणि इंजिनातला डिकोडर (आदेश वाचणारं छोटं सर्किट) फक्त स्वतःच्या पत्त्यावरचा आदेश पाळतो. गाडी उभी असली तरी दिवे पेटलेले राहतात, आणि वेगाच्या १२८ पायऱ्या असल्याने ती फलाटाला हळूच लागते. नवा डिकोडर ३ नंबरचा पत्ता घेऊन येतो. मी पहिल्या दिवशी दोन इंजिनं तशीच ठेवली आणि दोघं जोडीनं निघाले. एवढा खर्च करून पुन्हा डीसीच! एकाचा सीव्ही १ (डिकोडरमधली पत्त्याची सेटिंग) बदलला तेव्हा कुठे ते वेगळे झाले.

‘डीसीसीला दोनच तारा पुरतात’ यावर विश्वास ठेवू नका. लेआउट मोठा असेल तर खालून जाड बस वायर (मुख्य तार) आणि ठिकठिकाणी फीडर (तिच्यापासून रुळाला जाणाऱ्या तारा) लागतातच. रूळ मळले की डीसीसीच जास्त अडखळते. शॉर्ट झाला तर, लेआउट भागांत विभागलेला नसेल तर, सगळंच थांबतं.

खरा प्रश्न जुन्या इंजिनांचा. नव्यांत बहुधा ८ किंवा २१ पिनांचं सॉकेट असतं. त्यातला डमी प्लग काढा, डिकोडर बसवा, काम झालं. जुन्यांत अनेकदा मोटरला वीज पोचवणारा एक ब्रश चेसिसलाच (इंजिनाच्या धातूच्या सांगाड्याला) टेकलेला असतो. तो वेगळा न करता तारा जोडल्या तर डिकोडर जळतो. म्हणून इंजिन उघडून आधी मल्टिमीटर लावा. मोटरचं टोक आणि चेसिस यांच्यात बीप वाजली तर सोल्डरिंग गन खाली ठेवा.

डिकोडर वेगवेगळ्या कंपन्यांचे चालतात, कारण अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने लेन्झ या जर्मन कंपनीच्या पद्धतीवरून त्याचं मानक ठरवलं. हातातल्या थ्रॉटलचं (गाडी चालवायच्या कंट्रोलरचं) तसं नाही. तो बहुधा आपल्याच कंपनीच्या कमांड स्टेशनशी (रुळावर आदेश पाठवणाऱ्या यंत्राशी) बोलतो, म्हणून निवड करताना थ्रॉटल हातात धरून बघा.

सगळी इंजिनं एकदम बदलायची गरज नाही. बऱ्याच डिकोडरांना डीसीवरही चालता येतं. सीव्ही २९ मध्ये ती सोय चालू आहे ना एवढं बघा. उलट बिनडिकोडरचं इंजिन डीसीसीच्या रुळावर उभं करू नका. मोटर गुणगुणते, तापते, आणि कोअरलेस (आत लोखंडी गाभा नसलेली) असेल तर थोड्याच वेळात जळूनही जाते.