जुन्या स्टील बोटीवर एक हिवाळा, एक उन्हाळा

नेदरलँड्समधलं भाड्याचं घर सोडून आम्ही दोघं 11 मीटरच्या, सत्तरच्या दशकातल्या स्टील मोटर बोटीवर राहायला आलो. हिवाळा उत्तरेकडच्या फ्रिसलंड प्रांतात काढला, उन्हाळ्यात मास नदीने बेल्जियम ओलांडून फ्रान्समध्ये शिरलो. अशी बोट घ्यायच्या विचारात असाल तर आधी तळ आणि इंजिन बघा. गाद्या, पडदे, स्वयंपाकघर नंतर हवं तसं करता येतं.

आम्ही बोट पाण्याबाहेर काढायला लावून सर्व्हे करून घेतला. सर्व्हेयर तळावरचा रंग नाण्याएवढा खरवडतो, जेल लावून अल्ट्रासोनिक मीटर टेकवतो आणि आकडा खडूने तिथेच लिहितो. मूळ पत्रा 5 मिलिमीटरचा. बहुतेक ठिकाणी 4.6 ते 4.8 निघाला, पण शॉवरखालच्या पट्ट्यात 3.7. तिथे वर्षानुवर्षं पाणी साचून पत्रा आतून खाल्ला गेला होता. अनेक विमा कंपन्यांना किमान 4 लागतो. नवा पत्रा वेल्ड करायचा खर्च आम्ही किमतीतून वळता करून घेतला. विकणारा सर्व्हेला टाळाटाळ करत असेल तर सरळ पुढची बोट बघा.

इंजिन एकच, पर्किन्स 4.236. हेच इंजिन ट्रॅक्टरमध्ये आणि फोर्कलिफ्टमध्येही बसवत, त्यामुळे सुटे भाग अजून सहज मिळतात. दोन्ही बाजूंनी हात पोचतो, फिल्टर बदलायला कसरत करावी लागत नाही. रोज वापरायच्या बोटीत मला हे फार मोलाचं वाटतं. ताशी 9-10 किलोमीटरच्या वेगाला तासाला साधारण तीन लिटर डिझेल जातं. 13 वर नेलं की खप दुपटीच्याही वर. या लांबीच्या जड बोटीला त्यापुढे रेटण्यात अर्थ नाही, नुसत्या लाटा उठतात.

बोटीची पाण्यावरची उंचीही मोजून घ्या. फ्रान्समधल्या बऱ्याच कालव्यांची मापं 1879 च्या फ्रेसिने कायद्याने ठरलेली आहेत. पुलांखाली साधारण साडेतीन मीटर मिळतात, काही कालव्यांवर त्याहून कमी. आमची बोट छत आणि डोलकाठी पाडून 2.6 मीटर होते, म्हणून फ्रान्समध्ये मास नदीच्या वाटेवरच्या हॅमच्या बोगद्यातूनही निर्धास्त गेलो. नेदरलँड्समध्ये 15 मीटरपेक्षा लहान आणि ताशी 20 किलोमीटरच्या आतली बोट चालवायला परवाना लागत नाही. फ्रान्समध्ये लागतो, तो आधीच काढा.

हिवाळ्यात सगळ्यात जास्त त्रास दिला तो ओलाव्याने. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की खिडक्यांच्या ॲल्युमिनियमच्या चौकटींवरून पाणी ओघळून थेट गादीत जायचं. फळ्या उघडल्या तर ऊब राखायला आत भरलेली जुनी ग्लासवूल भिजून काळी पडलेली. ती काढली, गंज घासला, दोन हात प्रायमर मारला आणि बंद पेशींचा, म्हणजे ओलावा आत न शिरू देणारा रबरी फोम पत्र्याला चिकटवला. खिडक्यांना आतून चुंबकपट्टीवर अॅक्रिलिकची दुसरी काच लावली. डिझेल हीटर आधीपासून होताच, पण खोली कोरडी झाल्यावरच त्याची ऊब टिकू लागली. एवढं एकच काम करायला पैसे असतील तर हे करा.

विजेसाठी लिथियम बॅटरी आणि छतावर सोलर. जुन्या अल्टरनेटरला लिथियम थेट जोडू नका. ती इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो. मध्ये करंटवर मर्यादा ठेवणारा डीसी-डीसी चार्जर हवाच. धक्क्यावरची वीज घेताना आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर वापरतो, नाहीतर अर्थच्या तारेतून शेजारच्या बोटींशी जोडलं जाऊन आपला तळ झिजतो. तळाऐवजी स्वतः झिजणारे धातूचे ठोकळे, म्हणजे ॲनोड, गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे लावा, जस्ताचे खाऱ्या पाण्यासाठी. संडासाची टाकीही नवी बसवली, कारण नेदरलँड्समध्ये 2009 पासून मैला पाण्यात सोडायला बंदी आहे.

तक्रारीही आहेत. गंजाचं काम कधीच संपत नाही, दर कोरड्या आठवड्यात कुठेतरी ब्रश चालवावा लागतो. अनेक मरीना, म्हणजे बोटी लावायचे धक्के, वर्षभर राहू देत नाहीत आणि रहिवासी म्हणून नोंदणीसाठी पत्ता मिळवणं ही वेगळीच डोकेदुखी आहे. बोटीचा सौदा करण्याआधी पत्त्याचा प्रश्न सोडवून ठेवा.