साहेबांच्या दौऱ्यात वेळ सांभाळणारी वाईतली खानावळ

मी पंचायत समितीत आहे. दौरा आला की बैठकांचं आणि जेवणाचं माझ्याकडेच येतं. परवा पुण्याहून साहेब आले. कार्यक्रमात ‘दुपारी १ ते २ राखीव’ असं छापलेलं, पण आढावा बैठक लांबली ती पावणेतीनपर्यंत.

गणपती घाटाजवळच्या या खानावळीत १६ पानं सांगितली होती. काकूंनी भाजी-आमटी तयार ठेवली, भाकरी मात्र थापायला घेतली नाही. “तुमचा फोन आला की तवा ठेवते,” म्हणाल्या. साहेब हात धुऊन बसले तेव्हा पहिली टम्म फुगलेली भाकरी ताटात पडत होती, पापुद्र्यातून वाफ निघत होती! साहेबांना मधुमेह आहे हे मी एकदाच सांगितलं होतं. त्यांच्या पानात गोडाची वाटी नव्हती, मटकीची उसळ जास्त होती.

ड्रायव्हर आणि अंगरक्षकांना आधीच जेवायला वाढलं, हे मला फार भावलं. ती माणसं पहाटे निघालेली असतात, आणि पुढे पसरणी घाट चढायचा होता. पाचगणीची ४ची बैठक वेळेत झाली.

पक्कं बिल मिळायला मात्र ८ दिवस लागले. त्याशिवाय आमचा लेखा विभाग पैसे सोडत नाही, तेव्हा आधीच बजावून ठेवा. ताट १८० रुपये. १० पानांच्या वर असतील तर आदल्या संध्याकाळी कळवावं लागतं.